जाताना येणारीचं नाव सांगायचं

ताई,

तुझी निधनवार्ता मीच लिहिली. आमच्या अमरावतीच्या दैनिकात त्या चार ओळींची जागा बरीच वर्षं माझ्याकडे होती. मी निवृत्त झालो तरी डेस्कवरच्यांनी सांगितलं, "सर, ही तुम्हीच द्या." नाव, वय, गाव, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. मजकूर पाठवला आणि थोड्या वेळाने फोन आला. "सर, ताईंच्या नावापुढे नर्सिंगची मास्टर्स पदवी लिहायची का?"

मी नाही म्हणालो. नियम माझाच आहे. निधनवार्तेत पदवी नाही, पुरस्कार नाही, बिरुद नाही. हा नियम मी तुला सांगितला होता तेव्हा तू हसली होतीस. "म्हंजे मी मेली का माही डिग्री काटशीन तू?" मी म्हणालो होतो, "आधी मिळू तर दे." ती मिळाली, आणि नियमाप्रमाणे मी ती काटली. वार्ता चार ओळींतच आली.

या लेखाला तो नियम लागू नाही, म्हणून राहिलेली ओळ इथे लिहितो. तू परदेशातल्या एका विद्यापीठातून ऑनलाइन शिकून नर्सिंगची मास्टर्स पदवी घेतली होतीस. वय पन्नाशीच्या पुढे होतं आणि तेव्हा तू अकोल्यातल्या एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होतीस. त्या पदवीचा उपयोग काय, यावर तुझं-माझं भांडण सुरू होतं. ते संपलं नाही. तू मध्येच उठून गेलीस.

ते भांडण बडनेऱ्याच्या एका लग्नात, पंगतीत सुरू झालं. तुझी नजर माझ्या ताटावर होती. "जिलबी ठेव खाली," तू म्हणालीस. "अन् आइक, मी अ‍ॅडमिशन घेतली." मी बातमीदाराचे प्रश्न विचारले. कोणती संस्था, मान्यता कोणाची, प्रॅक्टिकल कुठे. तू वांग्याच्या भाजीशी पोळी लावत उत्तरं देत होतीस आणि मधूनच वाढणाऱ्याला सांगत होतीस, "याले गोड वाढू नोका बरं."

दुसऱ्या दिवशी मी चौकशी करून फोन केला. इथे नर्सिंगचं मास्टर्स ऑनलाइन केलं तर धरत नाहीत. या पदवीवर तुला कोणत्याही नर्सिंग कॉलेजात शिकवता येणार नाही. तुझ्या रुग्णालयात बढतीही नाही.

"मले माईत हाय," तू म्हणालीस.

"मग कशाला?"

"तू रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवतं. त्याले मान्यता कोनाची हाय?"

मग मी दुसरा मुद्दा काढला. नर्सिंग हाताचं काम आहे, काठावर बसून कोणी पोहायला शिकत नाही. यावर तू जे बोललीस ते मला अजून शब्दशः आठवतं. "अबे, पोहाले मले येते. कोनी इचारलं का कशी पोहतं, त सांगता येत नाई. ते शिकाचं हाय मले."

तुझ्या वॉर्डात दरवर्षी नव्या मुली यायच्या. तू त्यांना म्हणायचीस, असं कर. त्या विचारायच्या, का? तू म्हणायचीस, असंच करतात. सगळं आयुष्य रुग्णालयात काढून 'असंच करतात' यापुढे आपल्याला बोलता येत नाही, हे तुला सलत होतं. हे तू मला कधी सरळ सांगितलं नाहीस. भाऊजींनी सांगितलं.

वर्ग बहुतेक संध्याकाळी असायचे. घरी असलीस तर मायक्रोफोनसाठी कुलर बंद करावा लागे, आणि अकोल्याच्या मे महिन्यात कुलर बंद करणं म्हणजे काय ते अकोल्याच्याच माणसाला कळेल. भाऊजी दुपट्टा ओला करून डोक्यावर घ्यायचे आणि ओसरीत जाऊन बसायचे. "परीक्षा तुही, अन् घाम मले," ते म्हणायचे. तरी शेजारचा स्कूटर सुरू करायला आला की तेच उठून हात करायचे, "थांबा जरासे, बाईसाहेब कॉलेजात हायेत."

ड्यूटीवर असलीस तर तू लिनन रूममधून वर्गाला बसायचीस, कारण फोनला रेंज तिथेच मिळायची. मागे छतापर्यंत पांढऱ्या चादरींच्या घड्या. वर्गातल्या एका परदेशी मुलीने तुला विचारलं होतं, तुमच्या घराची सजावट फारच साधी आणि सुंदर आहे, ही तिकडची पद्धत आहे का? तू हो म्हणालीस. "आता तिले काय सांगू, इतक्या चादरी कोनाच्या हायेत म्हनून?"

तुमच्या प्राध्यापिकेने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला नावाने हाक मारा. सगळा वर्ग मारायचा. तू शेवटपर्यंत 'मॅडम' म्हणत राहिलीस. "मास्तरीनले नावानं हाक मारली त आपली माय वरतून येऊन थोबाडीत मारन."

दर आठवड्याला वर्गमित्रांच्या लिखाणावर दोन शब्द लिहावे लागत. ते तुला अजिबात पटत नसे. कुणीतरी लिहिलं होतं, वॉर्डात भेटणाऱ्यांची संख्या कमी करावी. तू खाली इंग्रजीत एकच ओळ टाकलीस: हे चालणार नाही, आमच्याकडे नातेवाईक बाहेर जात नाहीत. प्राध्यापिकेने सौम्यपणे कळवलं की आधी त्या लिखाणातलं चांगलं सांगावं. तू मला फोन केलास. "चांगलं होतं म्हनूनच त वाचलं ना. नाई त वाचलं असतं का?"

तेव्हापासून तुझं लिखाण आधी माझ्याकडे यायला लागलं. मी त्यात 'आपला मुद्दा विचार करायला लावतो, तथापि' असं घालायचो. एकदा तू भडकलीस. "हे 'तथापि' कोन घातलं? मी जल्मात कधी 'तथापि' बोलली का? मॅडम म्हनन, ही दुसरीच कोनी हाय." मी ते काढून टाकलं. तुझ्या इंग्रजीतले काळ सुधारायचे आणि बाकी हात लावायचा नाही, असा आपला करार झाला.

मग तो निबंध आला. विषय तूच निवडला होतास: पाळी बदलताना एक नर्स दुसरीला रुग्ण सोपवते ते काम. तुम्ही त्याला हँडओव्हर म्हणता. सकाळची नर्स दुपारच्या नर्सला सांगते की कोण कसा आहे, कोणतं सलाइन चालू आहे, कोणती गोळी द्यायची राहिली. तुझ्या वॉर्डात हे दारापाशी टेबलाभोवती उभं राहून व्हायचं. "सात नंबर ताप, आठ नंबर डिस्चार्ज, नऊ नंबर उपाशी ठेवलाय." जाणारीचं लक्ष पर्सकडे, येणारीचं अजून रस्त्यात. तू हे सगळं नेमकं लिहिलं होतंस, कुठे काय सुटतं आणि का सुटतं. मला तो निबंध चांगला वाटला. तो परत आला तेव्हा खाली प्राध्यापिकेचा एकच प्रश्न होता. या सगळ्यात रुग्ण काय म्हणाला?

तुझा फोन दुपारी आला. तू रागात होतीस. "काय म्हनते पाह्य ही मॅडम. पेशंट काय म्हनन? आमी टेबलापाशी असतो. तो पलंगावर असते. त्याले काय आइकू..."

आणि तू थांबलीस. फोन चालू होता. मागे वॉर्डातली ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता.

"ठेवते," तू म्हणालीस.

काठावर बसून पोहणं येत नाही, हे माझं म्हणणं मी त्यानंतर पुन्हा काढलं नाही. तूही त्याची आठवण करून दिली नाहीस. एरवी तू अशी संधी सोडणारी नव्हतीस.

दुसऱ्या आठवड्यापासून तू पलंगापलंगाशी जाऊन विचारायला लागलीस. पाळी बदलते तवा तुमाले काय वाटते? बहुतेकांनी सांगितलं, काई नाई बाई, काय वाटन? बाळापूरच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, दम्याच्या. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बेटी, दोपहर को आंख लगी तब तू थी. आंख खुली तो दूसरीच कोई थी. मेरे को लगा, मैं गई. सोची, ऊपर भी नर्साच रहती क्या?"

हे मला सांगताना तुला हसू आवरत नव्हतं. सांगून झालं तेव्हा तू हसत नव्हतीस. नव्याने लिहिलेला निबंध तू त्याच वाक्याने सुरू केलास. वर त्यांची हिंदी, खाली इंग्रजी. मी म्हणालो, मजकूर कधी कुणाच्या बोलण्याने सुरू करू नये, आमच्याकडे शिकवतात तसं. "हे काटशीन त याद राख," तू म्हणालीस. ते राहिलं. नंतर कळलं की प्राध्यापिकेने ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं, आणि 'नर्साच' या शब्दापाशी त्या जरा अडखळल्या.

पुढे तोच तुझा प्रकल्प झाला. हँडओव्हर टेबलापाशी करायचा नाही. जाणारीने येणारीला प्रत्येक पलंगापाशी न्यायचं. रुग्णाच्या देखत, त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं. आणि तिथून हलण्याआधी म्हणायचं, "मी चालली, आता ह्या हायेत," आणि येणारीचं नाव सांगायचं. रुग्णाने तिच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय जाणारीने पलंग सोडायचा नाही.

वॉर्डाला हे आवडलं नाही. वेळ लागायचा. सगळ्यांत जास्त कुरकुर नाझियाची होती, तुझ्या वॉर्डातल्या त्या तरतरीत नर्सची. ती रोज म्हणायची, "मॅडम, माझा ऑटो जाते ना." नातेवाइकांनी तर हँडओव्हरची ग्रामसभाच केली. नर्स बोलायला लागली की तीन पलंगांवरचे लोक गोळा व्हायचे. "संडासले नाई गेले कालपासून, तेबी सांगा." "अवो, यायले तिखट चालन का, ते इचारा." शेजारच्या पलंगावरचा सल्ला द्यायचा तो वेगळाच.

एक दिवस दर्यापूरचे एक निवृत्त एसटी कंडक्टर दाखल होते. नाझिया येणारीला सांगत होती की दुपारची गोळी दिली. कंडक्टर उठून बसले. "सिस्टर, गोयी भेटली नाई मले."

"दिली ना काका. लिहिली आहे."

"लिहिली असन. भेटली नाई. तिकीट काटलं अन् पॅसेंजर गाडीतच नाई, असं झालं हे."

गोळी औषधाच्या ट्रेमध्येच होती. नाझियाने त्यांची माफी मागितली, गोळी दिली, डॉक्टरांना कळवलं. तू तिला रागावली नाहीस. तू मला म्हणालीस, हे टेबलापाशी झालं असतं त कोनाले कळलं असतं? ऑटोचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

आपलं दुसरं भांडण इथून सुरू झालं, आणि ते जास्त खरं होतं. मी विचारलं, सगळं रुग्णाच्या देखत? रिपोर्ट वाईट असला तरी? आमच्या धंद्यातही हाती आलेलं सगळं छापत नाहीत. काही थांबवावं लागतं.

"छापू नोको," तू म्हणालीस. "पन ज्याची बातमी हाय त्याले त सांगशीन? का त्यानं दुसऱ्या दिवशी पेपरातच वाचाची?"

"घरच्यांना सांगावं. ते ठरवतील."

"घरचे भेतात."

"आणि रुग्ण भीत नाही?"

"तोबी भेते. पन तो एकटाच भेते."

तरी प्रकल्पात तू सीमा आखून घेतलीस. डॉक्टरांनी रुग्णाला सांगितलं नसेल ते नर्सने सांगायचं नाही. सांगितलेलं असेल ते लपवायचं नाही. मला हे तडजोडीचं वाटलं आणि मी तसं म्हटलंही. तू म्हणालीस, "तडजोड नाई. ज्याचं काम त्यानं कराचं."

पदवीदान पडद्यावर झालं. मी अमरावतीहून गिला वडा घेऊन आलो होतो. तू निळी साडी नेसली होतीस. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, त्याखाली उंचीसाठी भाऊजींची जुनी फाइल, कुलर बंद. परदेशातला एक आवाज एकेक नाव वाचत होता. तुझं आडनाव जवळ आलं, त्या आवाजाने पहिलं अक्षर उच्चारलं आणि पडदा गोठला. परत सुरू झाला तेव्हा दुसरीच मुलगी हात हलवत होती.

भाऊजी म्हणाले, "झालं?"

तू म्हणालीस, "झालं असन. मी पास झाली ना? मंग चाय ठेवते." आणि तू खरंच चहा ठेवायला गेलीस. भाऊजींनी कुलर सुरू केला. मी तुला आत जाऊन काही बोललो नाही. अभिनंदन हा शब्द मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावाने छापला, तो मला तोंडाने म्हणता येत नाही. हे तुला माहीत होतं, असं मी धरून चालतो. तू कपबशी पुढे करून म्हणालीस, "बिनसाखरेचा हाय. तोंड वाकडं करू नोको."

काही महिन्यांनी तुला आरशात डोळे पिवळे दिसले. दुसऱ्या कुणाला दिसायच्या आत तू ड्यूटी डॉक्टरांकडे गेलीस. मग तपासण्या, आणि तुझ्याच वॉर्डात, खिडकीकडचा पलंग.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला खोलीत बोलावलं. आजार पसरला होता. भाऊजींनी हात जोडले. "तिले सांगू नोका, साहेब." डॉक्टर म्हणाले, आज नाही सांगत, पण हे फार दिवस चालणार नाही. भाऊजींनी मग बाहेर येऊन नाझियालाही तेच विनवलं. मी त्यांना अडवलं नाही. घरचे ठरवतील, हे माझंच मत होतं, आणि घरच्यांनी ठरवलं होतं.

ज्या बाईने सगळा जन्म रिपोर्ट वाचण्यात घालवला, तिच्यापासून रिपोर्ट लपवायला निघालेले आम्ही दोघं. भाऊजी तुझ्यासमोर हसत होते आणि तुझ्या नकळत डोळे पुसतो असं त्यांना वाटत होतं. मी कृषी विद्यापीठाच्या बातम्या सांगत होतो. तू ऐकून घेत होतीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलली. नाझिया दुपारच्या वैशालीला घेऊन तुझ्या पलंगापाशी आली. मी आणि भाऊजी पायथ्याशी उभे होतो. नाझियाने सुरुवात केली. नाव, दाखल कधी झाल्या, ताप नाही, सलाइन चालू, जेवण थोडं. "काल रिपोर्ट आले," ती म्हणाली आणि थांबली. तिने भाऊजींकडे पाहिलं.

"थांबली काहून?" तू विचारलंस.

नाझिया सलाइनचे थेंब पाहू लागली.

"डॉक्टरायनं मले सांगतलं नाई," तू म्हणालीस. "म्हनून तुले सांगता येत नाई. बरोबर हाय. असंच शिकवलं मी. मंग उभी काय हायेस? जाय, डॉक्टरायले बलाव."

भाऊजी म्हणाले, "अवो, आज नाई..."

नाझिया गेली. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टर आले, स्टूल ओढून तुझ्याजवळ बसले आणि त्यांनी तुला सगळं सांगितलं. तू दोन प्रश्न विचारलेस, दोन्ही तुमच्या धंद्यातले, मला कळले नाहीत. डॉक्टरांनी उत्तरं दिली. ते गेल्यावर नाझियाने हँडओव्हर पुन्हा पहिल्यापासून केला. नाव, ताप, सलाइन, जेवण, रिपोर्ट. या वेळी ती थांबली नाही. शेवटचं वाक्य मात्र तिला म्हणता येईना. "मी जाते मॅडम, आता..."

"नाव सांग तिचं."

"आता वैशाली आहे."

तू वैशालीकडे पाहिलंस. "हं," म्हणालीस. "आता जाय बाई. तुहा ऑटो जाईन."

मग तू भाऊजींना जवळ बोलावलंस. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि आता त्यांनी डोळे लपवले नाहीत. तू त्यांच्या मनगटावर हात ठेवलास, नाडी पाहतात तसा, आणि म्हणालीस, "कालपासून एकटेच भेत होते ना तुमी?"

आपलं दुसरं भांडण तिथे संपलं, ताई. मी हरलो असं म्हणायला हरकत नाही. पण त्या वाक्याला हरण्याजिंकण्याशी काही देणंघेणं नव्हतं. भाऊजी त्या दुपारी पहिल्यांदा जेवले.

पुढचे दिवस तू इन्चार्जसारखेच काढलेस. गॅसचं पुस्तक कुठे, कुलरची गवताची तट्टी कधी बदलायची, वॉर्डातल्या कोणत्या मुलीला कोणती पाळी झेपत नाही. भेटायला येणाऱ्यांनी रडायला घेतलं की तू त्यांची चौकशी करायचीस, बीपीची गोळी घेतली का? ती विसरलेली असायचीच, आणि रडणं थांबायचं.

एका रविवारी मी सकाळच्या गाडीने आलो. तू बरीच थकली होतीस, बोलताना मध्ये दम घ्यावा लागत होता. नाझिया ड्यूटीवर होती. तू तिला हाक मारलीस आणि मला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभं केलंस.

"नाझिया, हा माहा भाऊ. विजय. अमरावतीचा." तू दम घेतलास. "साखर हाय याले. गोया टायमावर घेते, हे खरं हाय. गोड खाते, ते सांगत नाई. रविवारी सकाळी फोन कराचा अन् शुगर इचाराची."

"मी काही पेशंट नाही," मी म्हणालो.

"चूप. पेशंटनं मधात बोलाचं असते, पन खरं बोलाचं असते." नाझिया हसायला लागली. तू पुढे म्हणालीस, "अन् हा जो आकडा सांगन, त्यात वीस मिळवाचे. जल्मभर संपादन केलं यानं. आकडाबी काटते."

कित्येक वर्षं दर रविवारी तू फोन करायचीस, मी मशीनवरचा आकडा जरा कमी करून सांगायचो आणि तू "बरं" म्हणून ठेवायचीस. मला वाटायचं, चाललं. तू दर वेळी वीस मिळवून घेत होतीस.

मी खिडकीकडे पाहत होतो. खाली रिक्षावाल्याचं कुणाशी तरी भांडण चाललं होतं आणि ते पाहण्यासारखं होतं असं मी दाखवत होतो.

"विज्या," तू म्हणालीस. "मी चालली. आता ह्या हायेत. नाझिया नाव हाय."

मी खिडकीकडेच पाहत राहिलो.

"इकडे पाह्य. माह्याकडे नाई. तिच्याकडे पाह्य."

तुझा नियम मला माहीत होता. मी पाहिलं नसतं तर तुला तिथेच थांबावं लागलं असतं, असा एक विचार मनात येऊन गेला. मग मी नाझियाकडे पाहिलं. तिने मान हलवली. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "झालं. आता गिला वडा आनला असन त काढ. मी नाई खात, वास घेते."

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वॉर्डातल्या सगळ्या आल्या होत्या, पांढऱ्या साड्यांत. वंदना झाली, जेवणं झाली. नाझियाने जेवणाच्या वेळी भाऊजींच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला आणि ते खाईपर्यंत समोर उभी राहिली. हे तिला कुणी सोपवलं होतं, ते विचारायची गरज नव्हती.

पहिल्या भांडणाचं सांगतो. उपयोग काय, हा माझा प्रश्न मी मागे घेतलेला नाही, आणि मी तो मागे घेतला असं इथे लिहिलं तर तुला ते खोटं वाटेल. हाती आहे ते असं. तुझ्या जागी नव्या इन्चार्ज आल्या आहेत. हँडओव्हर बहुतेक पाळ्यांना पुन्हा टेबलापाशी होतो. नाझियाच्या पाळीला पलंगापाशी होतो. वैशाली कधी करते, कधी करत नाही. मागच्या आठवड्यात मी भाऊजींना भेटायला अकोल्याला आलो होतो, तेव्हा तुझ्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. आत नाझिया कुणाला तरी सांगत होती, "मी चालली काका, आता ह्या आहेत." पलंगावरचा तो माणूस मला दिसला नाही. त्याने विचारलेलं ऐकू आलं, "उद्या येशीन ना तू?" मी तिथूनच परत फिरलो.

मान्यता कोणाची, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

काल रविवार होता. सकाळी पोह्यांआधी फोन वाजला.

"दादा, नाझिया बोलते. शुगर पाहिली?"

पाहिली होती. आकडा सांगितला. मागे वॉर्डातली ट्रॉली जात होती.

"त्यात वीस मिळवू ना?"

"नको," मी म्हणालो. "मिळवूनच सांगितलाय."